गवत गुडघाभर आहे, मग खुराक कशाला?

पत्र, थोडक्यात: घरी पस्तीस मेंढ्या. कळपाचं रोजचं बघणं आता सुनेकडे आलं आहे, शेवटचा शब्द मात्र अजून सासऱ्यांचा. गेल्या वर्षी विण्याच्या तोंडावर दोन मेंढ्या गेल्या. कळपापासून बाजूला राहायला लागल्या, दात खायच्या, भिंतीला डोकं टेकून उभ्या राहायच्या, दिसत नसल्यासारख्या अडखळायच्या. तीन-चार दिवसांत संपल्या. दोघीही कळपातल्या सगळ्यात अंगानं भरलेल्या. बाकीच्यांपैकी काहींची कोकरं अगदीच लहान निघाली आणि आयांना दूध नव्हतं. यंदा पाऊस चांगला झाला, कुरणात गवत गुडघाभर आहे. मेंढा तीन महिन्यांपूर्वी कळपात सोडला, महिन्याभरापूर्वी काढला. सूनबाईंना गाभण मेंढ्यांना खुराक सुरू करायचा आहे. सासरे म्हणतात, "एवढं गवत असताना दाणा कशाला? गाभणीला दाणा घातला की कोकरू वाढतं आणि मेंढी अडते. त्या दोघी खाऊनच मेल्या." ओळखीच्या एकानं सगळ्या कळपाला कॅल्शियम आणि टॉनिकची इंजेक्शनं देऊन टाका असं सुचवलं आहे. धाकटी जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे. मेंढ्यांची बाळंतपणं आजवर तीच करत आली, "म्हणून यंदा काही चुकायला नको," असं पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे.

ताई, तुमच्या पत्राची शेवटची ओळ मी सगळ्यात आधी घेते, कारण बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. तुमच्या जाऊबाईंनी यंदा एकाही मेंढीच्या बाळंतपणाला हात लावायचा नाही. 'जड काम नको' एवढ्यापुरतं हे नाही. मेंढी विते तेव्हा येणारं पाणी, वार, ओलं कोकरू यांतून टोक्सोप्लाझ्मा, क्लॅमायडिया, ब्रुसेला, लिस्टेरिया, क्यू फीव्हर यांसारखे संसर्ग माणसाला होऊ शकतात आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला ते घातक ठरतात. वरून ठणठणीत दिसणारी मेंढीही हे जंतू बाहेर टाकत असू शकते. म्हणून विणाऱ्या मेंढ्यांच्या वाड्यात त्यांनी जायचं नाही, वार उचलायची नाही, नवजात कोकराला बाटली पाजायची नाही, कच्चं दूध प्यायचं नाही आणि वाड्यात घातलेले तुमचे कपडे धुवायचे नाहीत. त्यांना ताप आला तर डॉक्टरांना घरी मेंढ्या आहेत हे आपणहून सांगायचं. त्यांचा अनुभव वाया जाणार नाही. येत्या दोन महिन्यांत तो त्यांच्याकडून शिकून घ्या, कोकरू आडवं आलं तर हात कसा घालायचा ते लांबून समजावून सांगू द्या. तुम्ही स्वतः किंवा घरातलं आणखी कुणी गरोदर असेल, तर त्यांनाही हेच लागू.

आता मेंढ्यांचं.

तुम्ही लिहिलं आहे, 'संध्याकाळी वाड्यात येतात तेव्हा पोटं टम्म असतात, हे सासऱ्यांचं म्हणणं मलाही मान्य आहे.' तुमचा वाद या वाक्याच्या पुढे सुरू होतो. पोट टम्म म्हणजे मेंढी पोसली गेली, हे तुम्ही दोघांनीही धरूनच ठेवलं आहे. मला तिथेच थांबावंसं वाटतं.

कोवळ्या हिरव्या गवतात ८० ते ८५ टक्के पाणी असतं. पन्नास किलोच्या, जुळं पोटात असलेल्या मेंढीला शेवटच्या महिन्यात दिवसाला साधारण १.६ ते १.७ किलो कोरडा चारा लागतो. कोरडा म्हणजे पाणी वजा जाता उरणारा. गवतात १५ टक्केच कोरडा भाग असेल तर तेवढा मिळवायला तिनं ११ किलोच्या आसपास हिरवं गवत खायला हवं. एकदा ११ किलो गवत कापून, तोलून तिच्या शेजारी ठेवा आणि बघा. एवढं तिच्या आत जाणार कुठे? तिथे तर एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं आहेत. गर्भ वाढतो तशी गर्भपिशवी कोठीपोटाला, म्हणजे चारा साठवणाऱ्या मोठ्या पोटाला, रेटत जाते आणि कोकराच्या जन्मवजनातलं सुमारे ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं. एकच कोकरू असलेल्या मेंढीची ऊर्जेची गरज या काळात एरवीच्या दीडपट होते, जुळं असेल तर जवळपास दुप्पट. गरज चढत असते तेव्हाच जागा कमी होत असते. त्या टम्म पोटात कोकरं असतात, पाणी असतं. चारा त्यामानानं थोडाच.

दुसरीही गंमत आहे. आज गुडघाभर असलेलं गवत दोन महिन्यांनी असंच राहणार नाही. त्याला तुरे येतील, काड्या होतील, पानं वाळतील. गवतातली प्रथिनं सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले सूक्ष्मजीव मंदावतात. चारा पचायला वेळ लागतो, तो आत साठून राहतो आणि मेंढी आणखी खात नाही. पोट मात्र भरलेलंच दिसतं, उलट जास्तच भरलेलं. शेवटच्या महिन्यात तिला साधारण ११ टक्के प्रथिनांचा आहार हवा. उद्या कुरणात गेलात की एके ठिकाणी वाकून मूठभर गवत जमिनीपासून चार बोटांवर कापा आणि तळहातावर पसरा. पानं वेगळी करा, काड्या आणि तुरे वेगळे. पानांचा ढीग मोठा असेल तर सध्या चिंता नाही. काड्यांचा मोठा असेल तर गवताची उंची बघून खूश होण्यात अर्थ नाही. पाच-सहा ठिकाणी हे केलंत तर कुरणाचा अंदाज येतो. हे काम सासऱ्यांना सोबत घेऊन करा, वाद निम्मा तिथेच मिटेल.

गेल्या वर्षीच्या त्या दोघींविषयी. पत्रावरून रोगाचं निदान करू नये, पण तुम्ही केलेलं वर्णन गाभण मेंढीच्या कीटोसिसशी जुळतं. जुळी वाहणाऱ्या मेंढ्यांत तो जास्त दिसतो. पोटातली कोकरं आईच्या रक्तातली साखर ओढत राहतात. खाण्यातून ती पुरी पडली नाही की आई अंगावरची चरबी जाळायला लागते. ही चरबी एकदम सुटली की यकृताला ती झेपत नाही, चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात साठतात, भूक मरते. भूक मेली की आणखी चरबी जळते. मग दात खाणं, आंधळ्यासारखं चालणं, डोकं टेकून उभं राहणं. आणि हो, हे हडकुळ्या मेंढ्यांना होतं तसंच लठ्ठ मेंढ्यांनाही होतं. लठ्ठ मेंढीच्या पोटात चरबीनंही जागा अडवलेली असते, त्यामुळे ती खाते कमी. आणि जाळायला चरबी भरपूर असते. म्हणजे सासऱ्यांनी जे पाहिलं ते खरं आहे: धष्टपुष्ट मेंढ्याच गेल्या. काढलेला अर्थ तेवढा उलटा आहे. आधी जास्त खाल्लं होतं म्हणून त्या लठ्ठ होत्या, आणि शेवटच्या महिन्यात पुरेसं पोटात गेलं नाही म्हणून गेल्या.

कोकरू मोठं होऊन मेंढी अडण्याचा त्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. एकटं कोकरू, लठ्ठ आई आणि वर शेवटी भरपूर दाणा, असं जमलं तर कोकरू मोठं होतं आणि मेंढी अडते. पहिलटकरीण असेल तर जास्तच. पण यावर उपाय म्हणून सगळ्या कळपाचं खाणं तोडलं, तर जुळ्यावाल्या मेंढ्या मरतात. एकट्यावाल्यांचा चीक आणि दूधही आटतं. तुमच्याकडे कोकरं लहान निघाली आणि कासा रिकाम्या होत्या, ते बहुधा यामुळेच. खाणं एकीला जास्त आणि दुसरीला बेताचं हवं आहे, आणि कुणाला किती हे बाहेरून कळत नाही, ही खरी अडचण.

ते कळण्याची वेळ नेमकी आत्ता आहे. मेंढीचे गाभणपणाचे दिवस साधारण १४७. मेंढा तीन महिन्यांपूर्वी सोडला, म्हणजे सगळ्यात आधी फळलेल्या मेंढ्या आता ९० दिवसांच्या आसपास आहेत आणि सगळ्यात शेवटच्या जेमतेम ३० दिवसांच्या. सोनोग्राफीत कोकरं मोजायला ४५ ते ९० दिवस हा चांगला काळ. पुढे कोकरं इतकी मोठी होतात की एक की दोन हे नीट सांगता येत नाही. पशुवैद्यकांकडे फिरतं मशीन असेल तर या आठवड्यातच बोलवा. उशिरा फळलेल्या काही मेंढ्या राहतील, त्यांची महिन्याभरानं पुन्हा तपासणी करता येते. प्रत्येक मेंढीवर खूण करा: भाकड, एकटं, जुळं. भाकड निघतील त्यांच्यावर खुराक घालायचाच नाही. तेवढा दाणा वाचतो.

आणखी एक हिशेब याच तारखांतून निघतो. पहिल्या मेंढ्या विण्याला सुमारे ५७ दिवस आहेत. त्यांचे शेवटचे सहा आठवडे सुरू व्हायला म्हणजे पंधराच दिवस उरले. शेवटच्या मेंढ्यांना मात्र अजून जवळपास चार महिने आहेत. मधल्या काळात, साधारण तिसाव्या ते नव्वदाव्या दिवसात, वार वाढते. तेव्हा फार हाल झाले तर वार लहान राहते आणि कोकरूही. पण त्यासाठी दाणा लागत नाही, पानांचं चांगलं गवत पुरतं. अंगानं बऱ्या असलेल्या वयस्क मेंढ्या या दिवसांत थोड्या उतरल्या तरी बिघडत नाही. तेव्हा माझं मत असं: आज सासरे बरोबर आहेत, पंधरा दिवसांनी तुम्ही बरोबर असाल, तेही सगळ्या पस्तिसांसाठी नाही.

सोनोग्राफी मिळाली किंवा नाही मिळाली, हातानं कंबर चाचपणं मात्र कुणालाही जमतं आणि त्यासाठी पैसा लागत नाही. नुसत्या डोळ्यांनी मेंढी जोखू नका, लोकर आणि पोट दोन्ही फसवतात. मेंढी उभी असताना शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, तळहात आडवा ठेवा. मधली कण्याची धार अंगठ्यानं चाचपा. मग बाजूला सरकून कण्यातून आडव्या निघणाऱ्या हाडांची टोकं बोटांनी शोधा. धार टोकदार लागली, आडव्या हाडांखाली बोटं सहज घुसली, दोन्हींच्या मधली जागा खोलगट लागली तर ती पाचांपैकी १ गुणाची. धार गोलसर आहे, टोकं दाबल्यावरच कळतात, मधलं मांस भरलेलं आहे, ती ३ गुणांची. गाभण मेंढी इथे असावी. दाबूनही हाड लागत नाही, कण्याच्या जागी खळगाच आहे, ती ५ गुणांची. पहिल्या पाच-सहा मेंढ्यांना गोंधळ होईल, मग हाताला सवय होते. एक अख्खा गुण वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून २ किंवा त्याखालच्या मेंढ्या आजच बाजूला काढा. विण्याच्या आदल्या आठवड्यात हडकुळी मेंढी दिसली तर फार काही करता येत नाही. तोंड उघडून दातही बघा. पुढचे दात पडलेल्या म्हाताऱ्या मेंढ्या उत्तम कुरणातही उपाशी राहतात, त्यांना हडकुळ्यांच्या गटात घाला. आणि ४ च्या वरच्या लठ्ठ मेंढ्यांना शेवटच्या दोन महिन्यांत बारीक करायला जाऊ नका. जे करायचं ते मेंढा सोडण्याआधी करायला हवं होतं. आता त्यांना थोडं थोडं, पण रोज, न चुकता खायला मिळालं पाहिजे.

आता कुरण. इथे तुम्ही पैसे न घालता सगळ्यात जास्त मिळवू शकता, म्हणून जरा लांबण लावते. गुडघाभर गवत बघून सगळा कळप सगळीकडे मोकळा सोडला, तर मेंढ्या वरची कोवळी पानं निवडून खातील, उरलेलं तुडवतील आणि दोन महिन्यांनी, नेमकी गरज असेल तेव्हा, काड्या उरतील. त्याऐवजी वाड्याच्या जवळचा आणि चांगला तुकडा वेगळा काढा. आत्ता सगळा कळप काही दिवस त्यात दाटीनं घालून तो खाऊन घ्या किंवा कापून वाळवा आणि मग बंद करून टाका. ओल असेल तर चार-सहा आठवड्यांत तिथे पानंच पानं फुटतात. तो तुकडा फक्त शेवटच्या सहा आठवड्यांतल्या जुळ्यावाल्या आणि हडकुळ्या मेंढ्यांचा. बाकीच्या लांबच्या कुरणात जातील. गाभणीला चालणं चांगलंच, वाड्यात बांधून ठेवू नका. पण चाऱ्यासाठी लांब पायपीट आणि वर चढउतार हे शेवटच्या महिन्यात नको.

गवत चार-पाच सेंटिमीटरच्या खाली खाऊ देऊ नका. एक तर ते पुन्हा फुटायला वेळ घेतं, दुसरं म्हणजे जंतांची पिल्लं बहुतेक तिथेच, जमिनीलगतच्या चार बोटांत असतात. विण्याच्या आधीच्या दोनेक आठवड्यांपासून मेंढीची जंतांविरुद्धची ताकद उतरते, लेंड्यांतून जंतांची अंडी जास्त पडायला लागतात आणि तेच कुरण पुढे कोकरांच्या वाट्याला येतं. डोळ्याची खालची पापणी खाली ओढून बघत जा. लालबुंद असेल तर ठीक, फिकी गुलाबी किंवा पांढरी असेल तर बहुधा रक्त पिणारे जंत आहेत. सरसकट सगळ्यांना औषध पाजण्यापेक्षा लेंड्यांची तपासणी करून आणि पापणी बघून द्या. औषध कोणतं ते पशुवैद्यकांना विचारूनच: अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, आणि तुमच्या उशिरा फळलेल्या मेंढ्या नेमक्या त्या उंबरठ्यावर आहेत.

पाऊस लांबला आणि त्या राखलेल्या तुकड्यात फुटवा आलाच नाही, तर उभ्या वाळक्या गवताला प्रथिनांची जोड द्यावी लागेल: लसूणघासासारखा द्विदल चारा किंवा थोडी पेंड. मूठभर पेंडेनं वाळकं गवत पचायला मदत होते आणि मेंढी ते जास्त खाते. नुसता दाणा घातला तर ते होत नाही. मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, देणार असाल तर बुरशी आलेला, काळा पडलेला भाग फेकून द्या. त्यातून लिस्टेरिया येतो आणि मेंढ्या गाभडतात.

सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट रात्रीची. मेंढ्या संध्याकाळी सहाला वाड्यात आल्या आणि सकाळी नऊला सुटल्या तर पंधरा तास उपाशी. एरवी हे चालतं. जुळं पोटात असलेल्या मेंढीला शेवटच्या महिन्यात चालत नाही, कारण कोकरं रात्रीही साखर ओढतच असतात. रात्री गव्हाणीत वाळलेला चांगला चारा टाका आणि पाणी ठेवा. शेवटच्या महिन्यात जुळ्यावाल्या मेंढ्यांना पाणीही एरवीच्या दुप्पट लागतं, आणि पाणी कमी पडलं की चारा आपोआप कमी खाल्ला जातो. सकाळी तासभर लवकर सोडता आलं तर तेही करा.

मग खुराक. विण्याआधीच्या सहा आठवड्यांत जुळ्यावाल्यांना आणि २ किंवा त्याखालच्या गुणांच्या मेंढ्यांना. तीन भाग मक्याचा भरडा, एक भाग सोयाबीन पेंड, एक भाग गव्हाचा कोंडा घेतला तर प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास येतात. मिळेल त्यानुसार बदल करा, पण पेंड गाळू नका. पहिल्या दिवशी दर मेंढीमागे शंभर ग्रॅम, मग दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत शेवटच्या तीन आठवड्यांत ४०० ते ५०० ग्रॅमपर्यंत. चढवताना घाई केली तर कोठीपोट आंबतं आणि मेंढी मरू शकते. तीनशेच्या वर गेलं की सकाळ-संध्याकाळ विभागून द्या. एकट्यावाल्या, ३ गुणांच्या मेंढ्यांना चांगलं कुरण असेल तर काही देऊ नका. गवत वाळलं तर शेवटच्या तीन आठवड्यांत दीड-दोनशे ग्रॅम पुरे. सासऱ्यांची भीती इथे पाळली जाते.

खर्चाचा आकडा त्यांच्यापुढे असा मांडा. पस्तीसही मेंढ्यांना आजपासून दोन महिने ४०० ग्रॅम घातलं तर ८४० किलो लागतात. समजा बारा मेंढ्यांनाच गरज निघाली, तर सहा आठवड्यांचे मिळून दोनशे किलो. त्यातही सुरुवातीचे दिवस कमीचे, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. आणि गेल्या वर्षी गेलेल्या दोन मेंढ्या, त्यांच्या पोटातली कोकरं आणि नंतर दुधावाचून हाल झालेली कोकरं यांचा हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येत असेल.

खुराक देताना गव्हाण पुरेशी लांब हवी, दर मेंढीमागे सुमारे ४५ सेंटिमीटर. नाहीतर दांडग्या मेंढ्या खातात आणि ज्यांच्यासाठी मांडलं त्या मागे उभ्या राहतात. खुराकाची वेळ ही तपासणीचीही वेळ. टाकल्याबरोबर सगळ्या धावल्या पाहिजेत. जी आली नाही, मागे राहिली, कान पाडून उभी आहे, ती त्याच दिवशी आजारी धरा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, माणसांच्याच चालतात. कीटोन दिसले तर पशुवैद्यकांना बोलवा. ते येईपर्यंत ६० मिली प्रोपिलीन ग्लायकॉल (मेंढीला झटपट ऊर्जा देणारं द्रव) तोंडानं हळूहळू पाजता येतं, दिवसातून दोनदा, मेंढी नीट गिळत असेल तरच. खाली बसलेली, उठता न येणारी मेंढी वाचणं अवघड असतं.

कॅल्शियम कमी पडलेली मेंढीही काहीशी अशीच दिसते, पण ती काही तासांत कोसळते: थरथरते, लटपटते, बसते, पोट फुगतं. लांब हाकलत नेल्यावर, दिवसभर उपाशी ठेवल्यावर, अचानक चारा बदलल्यावर हे होतं. तिला पशुवैद्यकांनी कॅल्शियम दिलं की बघता बघता उठते, म्हणून लोकांना ते जादूचं औषध वाटतं आणि सगळ्यांना टोचावंसं वाटतं. ते औषध आजारी मेंढीचं आहे. धडधाकट, पोटानं जड झालेल्या पस्तीस मेंढ्या पकडून, दामटून, टोचून शेवटच्या महिन्यात त्यांना अर्धा दिवस उपाशी ठेवलंत, तर टाळायचं तेच ओढवून घ्याल. टॉनिकचं मला काही कौतुक नाही. खनिज मिश्रण द्या, पण मेंढ्यांसाठीचं. गाईंच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस विषबाधा होते. घरात गाईंचं पोतं उघडं असेल तर ते मेंढ्यांच्या तोंडापासून लांब ठेवा. टोचायचंच असेल तर आंत्रविषार (आतड्यांत जंतूंचं विष तयार होण्याचा रोग) आणि धनुर्वाताची लस टोचा, विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे तिचं संरक्षण चिकातून कोकरांना मिळतं. पहिल्या गटासाठी ती वेळही पंधरवड्यावर आली आहे.

चिकाचं प्रमाण लिहून ठेवा: पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिली, चोवीस तासांत २०० मिली. तीन किलोच्या कोकराला पहिल्यांदा १५० आणि दिवसभरात ६०० मिली. आईची कास रिकामी वाटली तर दुसऱ्या, एकटं कोकरू व्यालेल्या मेंढीचा चीक काढून द्या, जास्तीचा गोठवून ठेवा. एखादी मेंढी गाभडली तर तिला वेगळं बांधा, हातमोजे घालून वार आणि गर्भ उचला, पशुवैद्यकांना तपासणीसाठी विचारा, उरलेलं खोल पुरा. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका.

सासऱ्यांशी बोलताना खुराकापासून सुरुवात करू नका, एवढंच सुचवेन. कंबर चाचपण्यापासून करा. त्यांचा हात तुमच्यापेक्षा मुरलेला असणार, कोणती मेंढी भरलेली आणि कोणती उतरलेली हे ते पटकन सांगतील. त्यांनी उतरलेल्या म्हणून काढलेल्या मेंढ्यांना खुराक द्यायला ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. यंदा प्रत्येक कोकरू जन्मल्यावर टांगत्या काट्यावर तोला आणि आईच्या खुणेपुढे वजन लिहा: एकटं की जुळं, आई किती गुणांची होती, खुराक मिळाला का. मेंढ्या अडल्या तर त्याही लिहा.

आणि पुढच्या वेळी मेंढा सोडाल तेव्हा त्याच्या छातीला रंग लावून सोडा. जिच्यावर चढेल तिच्या पाठीवर रंग उमटतो. दर सोळा-सतरा दिवसांनी रंग बदला, आधी फिका, मग गडद, म्हणजे जुन्या खुणेवर नवी झाकली जाणार नाही. कोण कधी विणार हे मग आपोआप कळतं आणि मेंढा दोन महिने कळपात ठेवायची वेळ येत नाही. पाच-सहा आठवडे पुरतात.